स्फुरदाचा दगड, चुन्याचा दगड : प्रस्तावना

खताच्या पोत्यावरचे आकडे आपल्याकडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. दहा-सव्वीस-सव्वीस, अठरा-शेहेचाळीस, पंधरा-पंधरा-पंधरा. दुकानात नाव सांगावे लागत नाही, आकडे सांगितले की पोते येते. त्यातला पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा. नत्र हवेत अमाप आहे आणि ते अमोनियात बांधून घ्यायची विद्या माणसाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी साधली. स्फुरदाचे तसे नाही. तो हवेत नाही, समुद्राच्या पाण्यातून काढणे परवडत नाही, आणि पिकाला त्याच्या जागी दुसरे काही चालत नाही. तो दगडातूनच काढावा लागतो. दगड खाणीतून निघाल्यापासून खतकारखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत त्याचे जे काही होते, त्यातला सर्वांत अवघड टप्पा हा या पुस्तकाचा विषय आहे.

या दगडाला व्यापारात रॉक फॉस्फेट म्हणतात. त्यातले कामाचे खनिज ॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोरिन यांचे संयुग. खाणीत ते एकटे कधी सापडत नाही. सोबत वाळू असते, चिकणमाती असते, लोहाचे अंश असतात आणि चुन्याच्या कुळातली कॅल्साइट व डोलोमाइट ही दोन खनिजे असतात. चिकणमाती बरीचशी धुऊन जाते. वाळू वेगळी करण्याची रीत ऐंशी-नव्वद वर्षांपासून चांगली बसलेली आहे. कॅल्साइट आणि डोलोमाइट मात्र निघता निघत नाहीत. ते का निघत नाहीत आणि तरीही कसे काढतात, एवढाच या पुस्तकाचा पसारा आहे.

जगातल्या ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. भारताच्या वाट्याला आलेले साठे थोडे आणि बहुतांशी हलक्या प्रतीचे. राजस्थानात झामरकोटडा, मध्य प्रदेशात झाबुआ आणि सागरकडचे हिरापूर, उत्तर प्रदेशात ललितपूर, उत्तराखंडात मसुरीचा पट्टा. आपण दगड आयात करतो, फॉस्फरिक आम्ल आयात करतो आणि तयार डीएपी, म्हणजे अठरा-शेहेचाळीस, तेही आयात करतो. २००८ मध्ये जागतिक बाजारात दगडाचा भाव वर्षभरात कित्येक पटींनी चढला, आणि अलीकडे चीनने निर्यातीवर बंधने घातली तेव्हा आपल्या तालुक्याच्या गावी डीएपीसाठी रांगा लागल्या. देशातला हलका दगड वापरण्याजोगा करणे हा म्हणूनच प्रयोगशाळेपुरता प्रश्न राहत नाही.

झामरकोटड्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या पुस्तकातली बहुतेक उदाहरणे त्याच जातीच्या दगडाची आहेत. उदयपूरच्या आग्नेयेला पंचवीसेक किलोमीटरवर, अरवलीच्या अतिप्राचीन खडकांत हा साठा १९६८ मध्ये सापडला. दीडशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्यात नील-हरित सूक्ष्मजीवांचे थरावर थर चढत गेले आणि त्यांचे बोटाएवढे, मनगटाएवढे खांब तयार झाले. या रचनांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. खडकाचा ओला केलेला काप हातात घेतला तर निळसर करडे खांब शेजारी शेजारी उभे दिसतात आणि दोन खांबांमधल्या फटीत फिकट रंगाचा डोलोमाइट भरलेला दिसतो. स्फुरद आहे तो खांबात; मधल्या भरावात अगदी कमी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जपणुकीसाठी निवडलेल्या स्थळांत या जागेचा समावेश आहे आणि तो सर्वस्वी योग्य आहे.

खांब आणि भराव डोळ्यांना इतके वेगळे दिसतात की दगड फोडून हातानेच निवड करता येईल असे वाटावे. सूक्ष्मदर्शकाखाली तो भ्रम टिकत नाही. खांबातही ॲपेटाइटच्या पापुद्र्यांमध्ये डोलोमाइटचे बारीक पापुद्रे शिरलेले असतात. दोन्ही खनिजांचे कण एकमेकांपासून सुटे व्हायचे तर दगड शंभर मायक्रॉनच्या आत दळावा लागतो. घनतेवरही विसंबता येत नाही. ॲपेटाइटची घनता ३.१ ते ३.२, डोलोमाइटची २.८५, कॅल्साइटची २.७. एवढ्या बारीक कणांत एवढासा फरक घनतेवर चालणाऱ्या कोणत्याही जिगला किंवा टेबलाला पुरत नाही. चुंबक दोघांनाही ओढत नाही. राहतो तो पृष्ठभाग. या दगडाची तीस टक्क्यांच्या वरची उत्तम प्रत सरळ विकली जाते. सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपासची हलकी प्रत मात्र दळून, पृष्ठभागांतल्या फरकावर भिस्त ठेवून, फेसावाटे वर चढवावी लागते.

(या पुस्तकात प्रत म्हणून जे टक्के दिले आहेत ते सर्वत्र पी-टू-ओ-फाइव्हचे आहेत. जुन्या व्यापारी कागदांत बीपीएल नावाचा आकडा भेटेल. आपल्या आकड्याला २.१८५ ने गुणले की तो मिळतो.)

आता कोणी विचारेल, थोडा चुना राहिला तर बिघडले काय? खतातून शेवटी कॅल्शियम जमिनीतच तर जाणार. याचे उत्तर खतकारखान्याच्या हिशेबाच्या वहीत आहे. फॉस्फरिक आम्ल करताना दळलेल्या दगडावर गंधकाम्ल सोडतात. ॲपेटाइट फुटते, फॉस्फरिक आम्ल मोकळे होते आणि कॅल्शियम जिप्सम होऊन गाळणीवर राहते. त्या टाकीत कॅल्साइट असेल तर ते ॲपेटाइटच्या आधी आम्ल घेते. शंभर किलो कॅल्साइट अठ्ठ्याण्णव किलो गंधकाम्ल संपवते, शंभर किलो डोलोमाइट एकशे सहा किलो, आणि दोघांकडून स्फुरदाचा एक कणही परत मिळत नाही. गंधकही आपण मोठ्या प्रमाणात बाहेरूनच आणतो. वर कार्बन डायऑक्साइड सुटून टाकी फसफसते आणि फेस आवरता आवरत नाही. गंधकाम्लाऐवजी नायट्रिक आम्ल वापरणाऱ्या पद्धतीतही कार्बोनेट आपला वाटा घेतेच.

डोलोमाइट कॅल्साइटहून वाईट, कारण त्यातला मॅग्नेशियम जिप्समबरोबर बाहेर पडत नाही. तो आम्लात विरघळून राहतो, आम्ल घट्ट करतो, गाळणी मंदावतो आणि पुढे साठवणीच्या टाकीत चिकट गाळ बसवतो. म्हणून खरेदीदार दगडाची प्रत विचारून थांबत नाहीत. मॅग्नेशियम ऑक्साइड साधारण एक टक्क्याच्या आत हवे आणि चुना व स्फुरद यांचे गुणोत्तर साधारण १.६ च्या आत हवे, अशी त्यांची अट असते. शुद्ध फ्लोरॲपेटाइटमध्ये हे गुणोत्तर १.३२ असते. त्याच्या वर जितका आकडा, तितका वायफळ चुना.

कॅल्शियम आणि फॉस्फेट यांची ही घट्ट सोयरीक आपल्या शेतातही आड येते. मराठवाडा-विदर्भातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घातलेला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जाऊन पिकाच्या आवाक्याबाहेर जातो. उलट कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत बारीक दळलेला दगड तसाच घातला तरी हळूहळू लागू पडतो, कारण तिथे आम्ल जमिनीतच असते. त्या वापरातही दगडात मोकळे कार्बोनेट जास्त असेल तर ते मातीतले आम्ल आधी खाते.

फेसावाटे खनिज वर चढवण्याच्या रीतीला फेनतरण म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ते भेटते ते सल्फाइडांचे. जस्ताचे किंवा तांब्याचे खनिज तेलाने भिजते, हवेच्या बुडबुड्याला चिकटून वर येते, माती पाण्याने भिजून खाली राहते. हा गुण ओळखून कॅरी एव्हर्सन या अमेरिकन बाईंनी १८८६ मध्ये पेटंट घेतले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींनी हे तंत्र कारखान्याच्या मापावर आणले. तो इतिहास रंजक आहे आणि इतरत्र भरपूर लिहिला गेला आहे, म्हणून मी तो एका प्रकरणात आटोपला आहे.

फॉस्फेटकडे हे तंत्र वळले ते फ्लोरिडात. तिथल्या दगडात त्रास होता वाळूचा. आर्थर क्रॅगो यांच्या नावाने ओळखली जाणारी आणि १९४२ मध्ये पेटंट झालेली दुहेरी रीत अशी: आधी मेदाम्लाने, म्हणजे फॅटी ॲसिडने, फॉस्फेट तरंगवायचे, मग त्यावर बसलेले मेदाम्ल गंधकाम्लाने धुऊन काढायचे, आणि सोबत चढून आलेली उरलीसुरली वाळू अमाइनने तरंगवून वेगळी करायची. ही रीत इतकी यशस्वी झाली की फॉस्फेटचा प्रश्न सुटला असे काही काळ वाटले. दक्षिणेकडचे डोलोमाइटमिश्रित थर खणायची वेळ आली तेव्हा तीच रीत अडखळली.

ती का अडखळली हे समजायला मेदाम्ल काय करते ते पाहावे लागते. मेदाम्ल म्हणजे साबणाचाच घटक. ज्यांच्या विहिरीचे पाणी जड आहे त्यांना हे रोज दिसते: साबण कितीही चोळला तरी फेस धरत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट साय बसते. पाण्यातल्या कॅल्शियमने साबण पकडलेला असतो. ॲपेटाइटच्या कणावरही हेच घडते. पृष्ठभागावरचे कॅल्शियम मेदाम्लाचे डोके पकडते, त्याची लांब तेलकट शेपटी बाहेर राहते, पाणी त्या कणापासून दूर सरते आणि बुडबुडा त्याला उचलतो. वाळूवर कॅल्शियम नाही, म्हणून ती खाली राहते. कॅल्साइट आणि डोलोमाइट यांच्या पृष्ठभागावर मात्र कॅल्शियम आहेच. मेदाम्लाला दोन्ही सारखेच. एकाला उचलायला टाकलेले रसायन दुसऱ्यालाही तितक्याच आवडीने उचलते.

अडचण इथे संपत नाही. ही तिन्ही खनिजे पाण्यात किंचित विरघळतात. ॲपेटाइटमधून थोडे फॉस्फेट पाण्यात उतरते आणि कॅल्साइटच्या पृष्ठभागावर जाऊन बसते. कॅल्साइटमधून कार्बोनेट उतरते आणि ॲपेटाइटवर बसते. मूळचे केरळचे आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात नावारूपाला आलेले पी. सोमसुंदरन यांनी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात हे मोजून दाखवले. ॲपेटाइट भिजवून गाळलेल्या पाण्यात कॅल्साइट ठेवले की त्याचा विद्युतभार बदलून ॲपेटाइटसारखा होऊ लागतो, आणि उलटही घडते. म्हणजे स्लरीत काही वेळ एकत्र ढवळल्यावर पृष्ठभागापुरता तरी कोण कोण आहे हा प्रश्नच धूसर होतो. शुद्ध खनिजांवर वेगवेगळे केलेले प्रयोग झकास जमतात आणि मिश्रणावर फसतात, त्याचे हे मोठे कारण. विद्यार्थ्यांनी सोमसुंदरन यांच्या कामावरचे प्रकरण घाई न करता वाचावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फेस डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे लक्ष त्याच्याकडे जाते. निवाडा मात्र बुडबुडा येण्याआधी पाण्यात झालेला असतो. हे पुस्तक त्याच समजुतीवर रचले आहे, म्हणून यात यंत्रांपेक्षा पाण्याला जास्त पाने मिळाली आहेत.

या कोंडीतून पहिली मोठी वाट काढली ब्राझीलने. साओ पाउलो राज्यातल्या जाकुपिरांगाचा दगड ज्वालामुखीच्या कुळातला, कार्बोनेटाइट. त्यात स्फुरद जेमतेम पाच टक्के आणि बाकी बहुतेक कार्बोनेटच. जगात कोणी हात लावला नसता असा हा माल. पाउलो अबीब आंदेरी या अभियंत्याने १९६० च्या दशकात त्यावर मक्याच्या स्टार्चचा उपयोग केला. कॉस्टिक सोड्यात शिजवलेला स्टार्च कॅल्साइटच्या कणावर पांघरुणासारखा बसतो, मेदाम्लाला तिथे जागा उरत नाही, आणि दहाच्या आसपासच्या सामूवर ॲपेटाइट एकटे वर येते. फिनलंडमधल्या सीलिनयार्वीच्या खाणीत १९७९ पासून याहूनही हलका, सुमारे चार टक्क्यांचा दगड फेनतरणानेच वर चढवला जातो. तिथे मेदाम्लाच्या कामासाठी वेगळ्या जातीचे रसायन वापरतात. अशक्य वाटणारे शक्य आहे हे या खाणींनी दाखवले, म्हणून त्यांना मी स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

ब्राझीलची युक्ती उचलून झामरकोटड्यासारख्या गाळाच्या दगडावर वापरली की मात्र तसा निकाल मिळत नाही. ज्वालामुखीतले ॲपेटाइट टपोऱ्या, घट्ट, स्वच्छ स्फटिकांचे असते. समुद्रात साचलेले ॲपेटाइट अतिबारीक आणि सच्छिद्र, शिवाय त्याच्या स्फटिकात काही फॉस्फेटच्या जागी कार्बोनेट शिरलेले. त्याचे वागणे कॅल्साइटच्या जवळ सरकते. अशा दगडासाठी आज जगभर चालते ती उलटी रीत. फॉस्फेट तरंगवायचे नाही. त्याला खाली दाबून ठेवायचे आणि डोलोमाइट तरंगवून फेकायचा. चीनच्या ग्वेजो प्रांतातल्या वंगफू खाणीत आणि सौदी अरेबियातल्या अल जलामिदला हीच रीत आहे.

प्रयोगशाळेत ती अशी दिसते. दळलेला दगड आणि पाणी छोट्या पेटीत ढवळत असतात, करडी दाट स्लरी, सामू आठच्या आसपास. त्यात फॉस्फरिक आम्ल थेंब थेंब सोडायला लागायचे. काटा सात, सहा, साडेपाच, पाचवर येतो. हात थांबवला की काही सेकंदांत तो पुन्हा वर चढू लागतो, कारण डोलोमाइट आम्ल खात असतो. पुन्हा थेंब, पुन्हा चढण. या काळात स्लरीच्या पृष्ठभागावर राईहून बारीक बुडबुडे दिसू लागतात. हवा अजून सोडलेलीच नसते. तो डोलोमाइटच्या अंगातून निघालेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि जिथे जन्मतो त्या कणाला चिकटूनच वर येतो. मग मेदाम्ल, दोन-तीन मिनिटे मुरू द्यायचे, आणि हवा. पांढुरका, चिकट फेस काठावर येतो. तो पट्टीने ओढून घेताना हाताला जाणवतो इतका जड असतो. पेटीत खाली उरलेली स्लरी हळूहळू गडद होत जाते. हा गडदपणा म्हणजे आपला माल.

पाचच्या सामूवर ॲपेटाइट खाली का राहते, याबद्दल अभ्यासकांत अजून पुरते एकमत नाही. पाण्यातले फॉस्फेट ॲपेटाइटच्या पृष्ठभागावर आपल्या जागी जाऊन बसते आणि मेदाम्लाला तिथले कॅल्शियम मिळू देत नाही, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते; त्याची बाजू आणि त्याविरुद्धचे आक्षेप दोन्ही मांडले आहेत. व्यवहारात महत्त्वाचे हे की सामूचा पट्टा अरुंद आहे. साडेपाचच्या वर गेलात तर फॉस्फेटही फेसात जाते. चारच्या खाली गेलात तर आम्ल भसाभस संपते आणि फसफसण्याने फेसच मोडतो.

एक हिशेब सुरुवातीलाच मनात ठेवावा. समजा सतरा टक्क्यांच्या दगडापासून चौतीस टक्क्यांचा माल केला आणि त्यात मूळ स्फुरदाचा ऐंशी टक्के भाग आला. शंभर टन दगडामागे चाळीस टन माल मिळाला. उरलेले साठ टन टाकाऊ, आणि त्यातही साडेपाच टक्क्यांहून जास्त स्फुरद आहे. प्रत आणखी दोन टक्के वाढवायचा हट्ट धरला तर तो आकडा वाढतो, मॅग्नेशियमची अट ढिली सोडली तर तो कमी होतो. खाण, कारखाना आणि टाकाऊ गाळाचा तलाव यांचा तोल याच तीन-चार आकड्यांत असतो. नुसती मालाची प्रत सांगून वसुलीचा आकडा गाळणारा अहवाल मी अपुरा मानतो आणि वाचकानेही तसाच मानावा.

फेनतरणाला काही गोष्टी साधतच नाहीत. स्फटिकाच्या आत शिरलेले कार्बोनेट कितीही दळले तरी सुटे होत नाही. ते फक्त भट्टीत भाजून जाते, आणि भाजणीला इंधन लागते. दळताना तयार होणारा वीस मायक्रॉनखालचा गाळ रसायन पितो, निवड बिघडवतो. तो आधीच चक्रावर्तकांनी, म्हणजे सायक्लोनांनी, वेगळा करावा लागतो आणि त्याबरोबर चांगला स्फुरदही जातो. या नुकसानीवर खात्रीचा उपाय अजून हाती नाही.

हे सगळे मराठीत कशासाठी, याचेही उत्तर द्यायला हवे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे आणि देशभरातल्या खनिजांच्या चाचण्या घेणारी त्याची प्रयोगशाळा व पथदर्शी कारखाना जवळच हिंगण्याला आहे. विदर्भात मँगनीजच्या खाणी आहेत, नागपुरात खाणकाम आणि धातुशास्त्र शिकणारी मुले आहेत. त्यातल्या कितीतरी जणांचे शाळेतले विज्ञान मराठीत झालेले असते. पेटीजवळ उभे राहून काम करणाऱ्या माणसाला आपण टाकतो त्या थेंबाने आत काय होते, हे त्याच्या बोलण्याच्या भाषेत कळले तर तो थेंब अधिक जपून टाकतो, हे मी पाहिले आहे. कंडिशनर, रफर, क्लीनर, टेलिंग हे शब्द कारखान्यात जसे बोलतात तसेच मी ठेवले आहेत.

पाण्यावरचे प्रकरण शेवटी आले असले तरी ज्यांना प्रत्यक्ष चाचण्या घ्यायच्या आहेत त्यांनी ते आधी वाचावे. कोरड्या मुलखातल्या कारखान्यांना गाळाच्या तलावातले पाणी फिरवून पुन्हा वापरावे लागते. प्रत्येक फेरीत त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट आणि फॉस्फेट साचत जाते. कॅल्शियम मेदाम्लाला कणापर्यंत पोहोचण्याआधीच पकडते, आणि तेच मेदाम्ल, तोच दगड, तोच सामू असूनही आज जमलेली निवड महिन्याभराने बिघडते. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यावर मिळालेले निकाल म्हणूनच कारखान्यात उतरत नाहीत. चाचणी घेताना निदान काही फेऱ्या मागच्या चाचणीचे गाळलेले पाणीच वापरावे, आणि वहीत दगडाच्या प्रतीशेजारी त्या दिवशीच्या पाण्याची कठीणता, सामू आणि तापमान लिहून मगच पेटीत दगड घालावा.